बंबखान्याची नोकरी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुणांपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या प्रसंगीं तरुणांस त्यांच्या पुढील आयुष्याच्या उपयोगाचें कांहीं सांगावें, अशी चालकांची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही पंडित नव्हे. वक्ते तर नव्हेच. आमचें आयुष्य अग्निशमन दलाच्या चाकरींत गेलें, तेव्हां त्याच चाकरीविषयीं दोन शब्द बोलूं. आपल्यांतील दोघांतिघां मुलांच्या मनांत बंबखान्यांत भरती व्हावें असें आहे, आणि त्यांच्या मातांच्या मनांत तें नाहीं, हें आमच्या कानीं आलें आहे. दोघांशींहि आम्हांस खरें तेंच बोललें पाहिजे.

मुंबईंत पूर्णवेळ अग्निशमन दल १८८७ सालीं उभें राहिलें, तेव्हां बंब घोडे ओढीत असत. आज घोडे नाहींत. परंतु घंटा होतांच हातांतला घास टाकून उठणें, हें तेव्हां होतें तसेंच आज आहे. २०२३ सालच्या मुंबईच्या भरतींत बारावी उत्तीर्ण तरुणांस व तरुणींसहि बोलाविलें होतें. ८०० मीटर धावणें, ५० किलो वजनाची मनुष्याकृति खांद्यावर वाहून नेणें, आणि १९ फूट उंचीवरून खालीं ताणून धरलेल्या झोळींत उडी टाकणें, अशा कसोट्या होत्या. उडीची कसोटी धाडसाची, असें पाहणारांस वाटतें. आमच्या मतें ती विश्वासाची आहे. खालीं झोळी धरणारे हात सुटणार नाहींत, असें ज्यास मनापासून वाटतें त्याचाच पाय वरून सुटतो. आणि उद्यां तीच झोळी दुसऱ्यासाठीं त्यास धरावयाची असते.

भरती झाल्यावर शिक्षण. तेथें ज्वाळेच्या आधीं धूर शिकवितात, कारण आगींत माणसें बहुतकरून धुरानेंच मरतात. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास. तापलेला धूर छताशीं जमतो, म्हणून अग्निशामक जमिनीशीं रांगत जातो. आग कोंडलेल्या खोलीचें दार एकदम उघडूं नये. ताजी हवा मिळतांच आंतले वायु भडकून बाहेर झेपावतात. पाणीहि भान ठेवून मारावें; एका लिटर पाण्याची सुमारें १,७०० लिटर वाफ होते, आणि ती वाफ आपणांसच भाजून काढते. पाठीवरच्या नळकांड्यांत लोक समजतात तसा प्राणवायु नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. श्रमाच्या कामांत ती अर्धा तास किंवा थोडी अधिक पुरते. संपत आली म्हणजे शिटी वाजूं लागते. शिटीची वाट न पाहतां मागें फिरावें, आणि ज्याच्यासह आंत गेलों त्याच्यासहच बाहेर यावें, हा आमच्या धंद्याचा मुख्य नियम.

हा नियम आम्हीं एकदां मोडला. नोकरीचें पहिलेंच वर्ष होतें. एका गुदामांत धूर इतका दाट कीं स्वतःचा हात दिसेना. आंतून कोणी ठोकीत आहे असें वाटलें, आणि आम्हीं पाण्याचा पाइप व सोबत्याचा खांदा दोन्ही सोडून त्या दिशेस धांव घेतली. मनुष्य कोणीच नव्हता. तापलेला पत्रा वाजत होता. परतावयास वळलों तों वाट नाहीं. चहूंकडे चांचपडत असतां एक शिटी ऐकूं आली, आणि त्या आवाजाच्या रोखानें रांगत आम्ही बाहेर पडलों. ती शिटी सोबत्याच्या नळकांड्याची होती. त्याची हवा संपत आली होती, तरी तो पाइपापाशीं आमच्यासाठीं थांबला होता. बाहेर आल्यावर तो रागावला नाहीं. “माझीं पोरें लहान आहेत,” एवढेंच म्हणाला. आम्हीं शौर्य समजून जें केलें, त्याची किंमत दुसऱ्याच्या पोरांनीं मोजली असती, हें त्या दिवशीं कळलें.

या चाकरींत मरण आहे काय? आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजास आग लागली. जहाजावर कापसाच्या गांठी होत्या आणि सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं. अग्निशामक पाणी मारीत असतांच, चार वाजून गेल्यावर, जहाज फुटलें. दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. २०१५ च्या मे महिन्यांत काळबादेवीच्या आगीनें प्रमुख अधिकाऱ्यांसह चार अधिकारी नेले. जे पुढें उभे राहून आज्ञा देत होते, तेच गेले. मातांपासून हें आम्ही लपवीत नाहीं.

परंतु मातांनो, हेंहि ऐका. आमच्यांतील बहुतेक जण सेवा पुरी करून घरीं येतात; आणि ते येतात तें अंगच्या बळामुळें नव्हे, तर रोज सकाळीं तोच पाइप उलगडून, तीच शिडी लावून, तीच गांठ पुनः पुनः बांधून हातांस लागलेल्या वळणामुळें. ज्या मुलास कंटाळवाणें काम नेटानें करतां येतें, त्यास खुशाल पाठवा. ज्यास केवळ आपलें धाडस मिरवावयाचें आहे, त्यास घरींच ठेवा. तो स्वतःस घातक आणि सोबत्यास अधिक घातक.

अग्निशामकांचे आश्रयदाते संत फ्लोरियन यांचा सण ४ मे रोजीं येतो. ते रोमन सैन्यांतील अधिकारी. परंपरा सांगते कीं, आपले धर्मबंधु तुरुंगांत पडल्याचें ऐकून ते स्वतः होऊन त्यांच्याकडे गेले, आणि त्यांस एन्स नदींत बुडविण्यांत आलें. आगीपासून रक्षणासाठीं ज्यांचें नांव घ्यावयाचें, त्यांचा अंत पाण्यांत झाला. त्यांची थोरवी आमच्या मतें एवढीच कीं, सोबत्यांस एकटें टाकणें त्यांच्या मनांतहि आलें नाहीं.

तरुणांनो, बंबखान्याच्या दारांत पाऊल टाकण्यापूर्वीं आपल्या मनास एकच प्रश्न विचारा: आपली शिटी वाजूं लागली असतां दुसऱ्यासाठीं आपण पाइपापाशीं थांबूं काय? उत्तर होकारार्थी असेल, तर उद्यांपासून धांवण्यास लागा. आम्ही वाट दाखविण्यास तयार आहों. आमचा तो सोबती आज हयात नाहीं. हें भाषण त्याचेंच ऋण समजून केलें आहे.