ग्राहकाची नोंद आणि ग्राहकाचे नाते

(नाशिक येथे व्यापारी बंधूंपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



‘ग्राहक-संबंध व्यवस्थापन’ हा शब्द आपणांस परका वाटेल. परंतु त्यातील मुख्य व्यवहार रामकुंडाच्या काठी कित्येक पिढ्या चालत आलेला आहे. तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरी बासनात बांधलेल्या नामावळ्या असतात. यात्रेकरूने मूळ गाव व आडनाव सांगावे, आणि त्याच्या घराण्यातील पूर्वी कोण येऊन गेले ते गुरुजींनी वाचून दाखवावे.

वडिलांच्या अस्थी घेऊन मी गंगेवर गेलो होतो. गाव सांगताच वही निघाली आणि आजोबांची मोडीतील सही माझ्यापुढे आली. मला मोडी येत नाही. गुरुजींनीच ती वाचली. मग लेखणी माझ्या हाती देऊन म्हणाले, “आता आपण लिहा.”

व्यवसायाचे प्रयोजन ग्राहक निर्माण करणे हे आहे, असे पीटर ड्रकर यांनी १९५४ साली प्रतिपादिले. विक्रीनंतर संबंध संपत नाही, खऱ्या अर्थाने तेव्हाच तो सुरू होतो, हा थिओडोर लेव्हिट यांचा १९८३ मधील विचार. पुढे संगणक आला. कोणी काय घेतले, तक्रार कोणती केली, ती कोणी ऐकली, हे सारे विक्रेत्याच्या डोक्यातून निघून पेढीच्या दप्तरी आले. जुना कारकून गेला तरी ग्राहकाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू नये, हा त्याचा खरा लाभ.

परंतु नामावळीत यजमान आपली नोंद स्वहस्ते लिहितो. दुकानातील संगणकात आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे ग्राहकाला दिसत नाही. एका दुकानात मी दोन साबणवड्या घेतल्या, तर आधी मोबाइल क्रमांक विचारला गेला. मी दिला. तेव्हापासून येणाऱ्या संदेशांत माझ्या नावापुढे ‘श्रीमती’ असते! ती चूक दुरुस्त कोठे करावी, हे कोणास ठाऊक नाही. क्रमांक दिल्याखेरीज माल नाही, असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये सुचविले. त्याच वर्षी संमत झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणविषयक कायद्यात संमतीची तरतूद आहे. नोंद दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा हक्कही आहे.

नामावळीचा आदर्श जसाच्या तसा आपल्या कामाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे गाव ठरले की उपाध्याय ठरले. निवडीला वाव नाही. आपला ग्राहक मात्र रस्ता ओलांडून समोरच्या दुकानी जाऊ शकतो. म्हणून तर त्याचे पान त्याला दाखविण्याची गरज आपल्याला अधिक. किराणा दुकानदार उधारीची वही गिऱ्हाइकापुढे उघडी ठेवून आकडा लिहितो, तेवढे संगणकावर सहज साधेल.

त्या दिवशी मी वहीत गाव, वडिलांचे नाव, भावांची नावे लिहिली आणि सही केली. गुरुजींनी ओळी वाचल्या व विचारले, “मुलाचे नाव राहिले का?” राहिलेच होते. ते मी खाली लिहिले.