लाटांची वीज आणि तिचा खर्च

उज्जैनपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण आपल्या क्षिप्रेचं पाणी चंबळ, यमुना, गंगा असं वाहत अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळतं. आज समुद्राच्या लाटांपासून होणाऱ्या विजेविषयी.

केरळात विझिंजमला आयआयटी मद्रासनं १९९१ साली १५० किलोवॅटचं केंद्र उभारलं. पाण्यात काँक्रीटची पोकळ कोठी. लाट आत चढली की वरची हवा टर्बाइनमधून जोरात बाहेर पडते, लाट उतरली की तीच आत ओढली जाते. या वेल्स टर्बाइनची खुबी अशी, की हवा कुठूनही येवो, ते एकाच दिशेनं फिरतं.

अडचण पैशाची. पश्चिम किनाऱ्यावर लाटा पावसाळ्यात उसळतात, एरवी मंदावतात. म्हणजे यंत्रणा बांधायची वादळ सोसेल इतकी भक्कम, आणि वर्षाचा बराच काळ ती अर्धपोटी चालणार! शिवाय खाऱ्या हवेचा गंज.

मला स्पेनमधल्या मुत्रिकूची वाट पटते. तिथं बंदराच्या ब्रेकवॉटरमध्ये, म्हणजे लाटा अडवणाऱ्या भिंतीतच १६ टर्बाइन बसवली. २०११पासून वीज मिळू लागली. भिंत तर बांधायचीच होती, त्यामुळे बांधकामाचा खर्च वाटला गेला. कोकणात नवं बंदर आखताना, नकाशावरच अशा कोठ्यांना जागा ठेवायला हवी.