यलोस्टोनचा अवकाळी बर्फ



वैशाखातल्या संध्याकाळी, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे बर्फाविषयी बोलणे हा थोडा निर्दय प्रकार आहे. परंतु मंडळाच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा तोंडून हाच निघाला. आणि पत्रिकेत एकदा छापलेला विषय वक्त्याला बदलता येत नाही. तेव्हा आजची संध्याकाळ आपण थंडीत काढू.

प्रवासवर्णन करण्याचा आमचा विचार नाही. अमेरिका पाहून आलेली माणसे आता आपल्या गावातही आळीआळीत आहेत. आम्हाला सांगायची आहे ती एका बंद फाटकाची हकीकत.

२०१७ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता डेन्व्हरला मुलाकडे होतो. मुलगा, सून, चार वर्षांची नात आणि आम्ही दोघे असे पाच जण मोटारीने निघालो. सुमारे नऊशे किलोमीटरचा रस्ता. वायोमिंगच्या उजाड माळावरून तासन् तास गेलो, तरी माणूस दृष्टीस पडेना. ग्रँड टीटन उद्यानात पोचलो तेव्हा ढग इतके खाली उतरले होते की, ज्या शिखरांसाठी लोक दुरून येतात त्यांचा पायथाच काय तो दिसला. नातीने विचारले, "आजोबा, डोंगर कुठे आहे?" आम्ही म्हणालो, "पांघरूण घेऊन झोपलाय." त्या पांघरुणात आमच्यासाठी काय वाढून ठेवले आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

टीटनच्या उत्तरेला यलोस्टोन लागते. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची ख्याती आहे. १८७१ साली हेडन या भूगर्भशास्त्रज्ञाची सरकारी तुकडी या भागाची पाहणी करून आली. तिच्याबरोबर थॉमस मोरान हा चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार होता. त्यांची चित्रे वॉशिंग्टनच्या लोकप्रतिनिधींनी पाहिली, आणि १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली. ही जमीन कोणाला विकायची नाही, तिच्यावर वसाहत होऊ द्यायची नाही, ती लोकांच्या हितासाठी व आनंदासाठी राखायची, असे त्या कायद्याने ठरले. आज हे क्षेत्र सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर आहे. मात्र त्या 'लोकां'त तेथे पूर्वीपासून राहणारी माणसे धरली गेली नाहीत. डोंगरी मेंढ्यांची शिकार करून जगणारी शोशोनी कुटुंबे पुढे उद्यानाबाहेर काढली गेली. चांगल्या कायद्याच्या खात्यावरही अशी नोंद असते. ती वाचूनच पुढे जावे.

आता बर्फाकडे येऊ. सप्टेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा नुकता सरत आलेला. आम्ही साधे स्वेटर घेऊन निघालो होतो. पण आम्ही कॅलेंडर पाहिले, उंची पाहिली नाही. आपले कळसूबाई १६४६ मीटर. यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंजाजवळचे मैदान सुमारे २२४० मीटर. म्हणजे ज्याला तेथे सपाटी म्हणतात, ती आमच्या सर्वांत उंच शिखराच्या डोक्यावर सहाशे मीटर आहे! अशा पठारावर कोणत्याही महिन्यात बर्फ पडू शकतो.

तो आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी पडू लागला. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने एकदा उसळते. उकळत्या पाण्याचा स्तंभ तीस ते पंचावन्न मीटर चढतो. वरून शांतपणे बर्फ उतरतो आहे, खालून पाणी गर्जत वर जाते आहे, आणि थंडीमुळे वाफेचे लोट ढगांना जाऊन मिळत आहेत. सौ. हळूच म्हणाल्या, "अहो, चुलीवर ठेवून विसरलेलं आधण आहे हो हे!" याहून चांगले वर्णन आम्हाला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा बेत लामार खोऱ्यात जाण्याचा होता. १९९५ साली कॅनडातून लांडगे आणून या उद्यानात पुन्हा सोडण्यास प्रारंभ झाला. ते दिसण्याची आशा त्या खोऱ्यात सर्वांत अधिक. वाटेत डनरेव्हन खिंड लागते, उंची २७०० मीटर. मुलगा म्हणाला, "बाबा, आज राहू द्या. माझे टायर उन्हाळ्याचे आहेत." आम्ही उत्तर दिले ते आजही आठवले की मान खाली जाते. आम्ही म्हणालो, "अरे, पुन्हा या वयात आमचं येणं होणार आहे का?" वडिलांनी असे म्हटल्यावर मुलगा काय बोलणार? निघालो.

क्रेग खिंडीत ईसा नावाचे चिमुकले तळे आहे. त्याचे पाणी दोन्हीकडे वाहते: एका बाजूचे पुढे प्रशांत महासागराला, दुसऱ्या बाजूचे मेक्सिकोच्या आखाताला. महाबळेश्वरी एकाच डोंगरावरून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, तसाच हा प्रकार. हे आम्ही मोठ्या उत्साहाने सुनेला समजावून सांगत होतो. तेवढ्यात उतारावर गाडी आडवी झाली. आवाज नाही, धक्का नाही. गाडी आपली कोणीतरी बाजूला सरकवावी तशी सरकू लागली. मुलाने ब्रेक दाबला नाही. पाय उचलला, चाक हळूच वळवले, आणि दरीच्या कडेपासून दोन-तीन हात अलीकडे ती थांबली. नात मागे झोपलेली होती. तिला काहीच कळले नाही. बाकीचे चौघे पुढे बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही.

एवढ्याने शहाणपण यावे की नाही? आले नाही. कॅन्यन नावाच्या तिठ्यावर पोचलो, तो डनरेव्हनकडे जाणारे फाटक लावलेले. शेजारी उद्यानाचा रक्षक उभा. तिकडे त्याला रेंजर म्हणतात. आम्ही खाली उतरून त्याच्याशी वाद घातला. खाली तर रस्ता दिसतो आहे, आम्ही सात समुद्र ओलांडून आलो आहोत, थोडे पुढे जाऊन पाहतो, वगैरे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "हे फाटक फक्त तुमच्यासाठी नाही. तुम्ही वर अडकलात तर तुम्हाला आणायला आमच्यापैकी कोणालातरी जावं लागेल. त्याच्याही घरी मुलं आहेत."

श्रोतेहो, आम्ही उभा जन्म वर्गात शिकवण्यात घालवला. पण 'दुसऱ्याचा विचार' हा धडा इतक्या थोडक्या शब्दांत आम्हाला कधी शिकवता आला नाही. मुलाकडे पाहिले. सकाळी त्याने हेच सांगितले होते. फक्त त्याच्या अंगावर गणवेश नव्हता. आम्ही त्याला म्हणालो, "तुझं बरोबर होतं. चल, मागे फिरू."

परतताना नॉरिसच्या बाजूचा रस्ता धरला. तेथे सारख्या उंचीच्या कोवळ्या पाइनचे दाट रान बर्फाखाली उभे होते आणि मधूनमधून जळके उंच खांब. ही १९८८ च्या वणव्याची खूण. त्या उन्हाळ्यात उद्यानाचा छत्तीस टक्के भाग आगीच्या तावडीत सापडला. सुमारे पंचवीस हजार माणसे पाळीपाळीने झुंजली. ७ सप्टेंबरला ज्वाळा ओल्ड फेथफुलच्या जुन्या लाकडी विश्रामगृहापर्यंत आल्या. शिकस्तीने ते वाचवले, पण वणवा काही आटोपेना. मग ११ सप्टेंबरला थोडा पाऊस आणि थोडा बर्फ पडला, आणि आगीचा जोर मोडला. पुढचे काम या झाडांनी केले. लॉजपोल पाइनची अनेक फळे राळेने घट्ट मिटलेली असतात. आगीची धग लागली की राळ वितळते, फळ उघडते आणि बी राखेत पडते. आम्ही ज्याला सकाळपासून शिव्या देत होतो, त्याच अवकाळी बर्फाने हे रान वाचवले होते.

लांडगे दिसले नाहीत. पण फायरहोल नदीकाठी गव्यांचे एक खिल्लार दिसले. इंग्रजीत त्यांना बायसन म्हणतात. ते मस्तक डावीउजवीकडे हलवून बर्फ बाजूला सारीत होते आणि खालचे गवत खात होते. खांद्यावरचे ते मोठे वशिंड म्हणजे हे जड मस्तक हलवणारे स्नायू. विसाव्या शतकाच्या आरंभी या उद्यानात जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. आज ते काही हजार आहेत. माणसाने हात आवरला म्हणून ते आहेत. नात जागी झाली, काचेला नाक लावून म्हणाली, "आजोबा, यांना थंडी नाही वाजत?" गाडीत सकाळपासून पहिल्यांदा हसू फुटले.

मंडळी, आपल्याकडे बर्फ नाही. पण फरशी पूल आहेत. दर पावसाळ्यात पाणी पुलावरून वाहत असते, अलीकडे एस.टी. उभी असते, आणि आपल्यातलाच कोणीतरी म्हणतो, "एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं?" तो बहुधा वयाने मोठा असतो आणि त्याला घाई असते. त्या वेळी गाडीत कोणी तरुण "आज राहू द्या" म्हणाला, तर त्याचे ऐका. त्याच्या अंगावर गणवेश येण्याची वाट पाहू नका. आम्ही ती पाहिली. दोन-तीन हातांनी वाचलो, एवढेच.