खानेसुमारीत पणजोबा शोधताना

(पनवेल येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



घराण्याचा इतिहास लिहायला बसलेली मंडळी पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात : 1881ची खानेसुमारी कुठे बघायला मिळेल? त्यांचं कुणीतरी इंग्लंडात असतं. तिथे 3 एप्रिल 1881च्या रात्री कोणत्या घरात कोण कोण होतं, त्यांची नावं, वयं, धंदे, जन्मगाव, सगळं घरबसल्या वाचता येतं. शंभर वर्षं उलटली की तिथले कागद खुले होतात. 1921चे जानेवारी 2022मध्ये झाले. मग आपले का नाहीत?

मोजणी आपलीही झाली होती. मुंबई इलाख्यात 1872मध्ये झाली आणि पुढे 17 फेब्रुवारी 1881च्या रात्री जवळपास सगळ्या देशात एकाच वेळी झाली. पंचवीस कोटींहून अधिक माणसं मोजली गेली. प्रगणकाने दारात बसून नाव, वय, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा असं एकेक विचारून लिहून घेतलं. म्हणजे आपल्या पूर्वजांची नावं तेव्हा कागदावर चढली होती. पण बेरजा झाल्या आणि घरोघरचे ते तक्ते नष्ट करण्यात आले. मागे उरले छापील अहवाल. त्यांत तालुक्याची लोकसंख्या आहे, जातवार आकडे आहेत, माणूस एकही नाही. आजचा कायदाही जनगणनेचे कागद खुले करत नाही. 1948च्या जनगणना अधिनियमाच्या कलम 15नुसार जनगणनेच्या नोंदी पाहण्याचा हक्क कुणालाही नाही.

आता आपल्या तालुक्यातलं एक घर घेऊ. शिरढोणचे फडके. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. जानेवारी 1818मध्ये कर्नल प्रॉथरने कर्नाळा घेतला आणि किल्लेदारी संपली. नातू वासुदेव बळवंत, जन्म 4 नोव्हेंबर 1845. 1872च्या खानेसुमारीच्या वेळी ते पुण्यात सरकारी लष्करी हिशेबखात्यात कारकून होते, म्हणजे पुण्याच्या आकड्यात असणार. 1881च्या रात्री ते सरकारविरुद्धच्या बंडाची शिक्षा भोगत एडनच्या तुरुंगात होते. एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे आणि मोजणीतून कैदी सुटत नसत. तेव्हा शिरढोणचं घर ठाणे जिल्ह्याच्या आकड्यात, कारण पनवेल त्या वेळी ठाण्यात होतं, आणि त्या घरचा मुलगा एडनच्या आकड्यात. पुढे बरोबर दोन वर्षांनी, 17 फेब्रुवारी 1883 रोजी, त्यांचं तिथेच निधन झालं.

हे सगळं आपल्याला कळतं ते कशातून? खानेसुमारीतून काहीच नाही. पेशवाईच्या दप्तरातून किल्लेदार कळतो. नोकरीच्या कागदांतून कारकून कळतो. बंडखोर कळतो तो खटल्यातून, आणि सरकारने पुरावा म्हणून जप्त केलेल्या त्यांच्याच रोजनिशीतून. सरकारने मोजलं सगळ्यांना, पण नाव जपून ठेवलं ते ज्याच्याकडून काही वसूल करायचं होतं त्याचं. कुणाकडून सारा, कुणाकडून मजुरी, कुणाकडून शिक्षा. पूर्वज शोधताना हे एवढं ध्यानात धरलं तरी पुष्कळ वणवण वाचते.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचं बघा. कोकणातून मुंबई बंदरामार्गे करारावर मजुरीला गेलेल्या माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा सगळं लिहिलं गेलं, पुढच्या काळात तर छायाचित्रंही निघाली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर आहे. तो गेला म्हणून त्याच्या उंचीसकट कागद राहिला. गावात भात लावत राहिलेल्या त्याच्या सख्ख्या भावाचं खानेसुमारीत काही राहिलं नाही. मला हे फार लागतं.

मग त्या भावाला शोधायचं कुठे? जमिनीच्या कागदांत. पनवेलकरांना हे मी सांगायला नको. नवी मुंबईसाठी 1970पासून ठाणे, पनवेल आणि उरणच्या 95 गावांतल्या जमिनी संपादित झाल्या. जासईत जानेवारी 1984मध्ये आंदोलक शेतकऱ्यांवर झालेला गोळीबार आणि दि. बा. पाटलांचा लढा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. त्या भूखंडांच्या फायलीसाठी इथल्या कितीतरी आगरी-कोळी घरांनी पेढीनामे केले, वारसदाखले काढले, चुलत्यांना एकत्र बसवलं. भूखंड विकले गेले असतील, पण त्या फायलींच्या झेरॉक्स अजून कपाटांत आहेत. त्या फेकू नका. त्यांत तीन-तीन, चार-चार पिढ्या आहेत.

त्यांतला एखादा जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, सावकाश वाचा. हक्कनोंदीचा कायदा 1903चा, 1913नंतर ती पद्धत पक्की झाली, म्हणजे एकोणिसाव्या शतकात जन्मलेली माणसं यांत मयत म्हणून भेटतात. नोंद साधारण अशी असते : अमका मयत, वारस मुलगे दोन, दोघे अज्ञान, अ.पा.क. आई अमुक. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. आता एवढ्यावरून बघा. बाप गेला तेव्हा मुलं अठराच्या आत होती. पुढे केव्हातरी दुसरा फेरफार पडतो : अज्ञान सज्ञान झाला, सबब अ.पा.क. शेरा कमी केला. या दोन तारखांवरून मुलाच्या जन्माचं साल बऱ्यापैकी पकडता येतं. पहिली नोंद 1918-19ची असेल तर इन्फ्लुएन्झाच्या साथीचा संशय घ्यावा आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, काढून मृत्यूच्या कारणाचा रकाना पाहावा. ते बहुधा मोडीत असतं. मोडी शिका. इथल्या वीस-पंचवीस तरुणांनी मनावर घेतलं तर तालुक्याचं दप्तर बोलकं होईल.

आणि त्या नोंदीत आईचं नाव आलं, हे तुमच्या लक्षात आलं का? बायका या कागदांत क्वचित येतात आणि येतात त्या विधवा होऊन. खानेसुमारीत तर घरचे बाईचं नाव सांगायला नाखूश असतील तर नुसतं ‘स्त्री’ लिहायची मुभा प्रगणकाला होती. फेरफारातल्या त्या बाईचं माहेर कुठलं, माहेरचं नाव काय, हे मात्र तिथेही नसतं. त्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहाव्या लागतात, लग्नपत्रिका पाहाव्या लागतात, आणि त्याहून आधी घरातल्या सगळ्यांत थोरल्या आत्याजवळ बसावं लागतं. आपल्या गावातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचा, 1849 सालचं बेथ एल सिनेगॉग ज्यांचं त्यांचा, शोध थोडा वेगळ्या वाटेने जातो. त्यांच्या आडनावांतच कोकणातली गावं आहेत आणि कबरींच्या दगडांवर मराठीही आहे.

मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींच्या निमित्ताने 2023पासून सबंध महाराष्ट्र जुन्या कागदांकडे वळला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात पन्नास लाखांवर नोंदी निघाल्या. त्या आल्या कोतवाल बुकांतून, शाळेच्या जनरल रजिस्टरांतून, महसुली कागदांतून. हैदराबाद गॅझेटिअरवरून वाद झाला तोही याच जागी : त्यात आकडे आहेत, नावं नाहीत. आरक्षणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, दप्तरांचे शेकडो रुमाल त्यामुळे सुटले आणि स्कॅन झाले, हे मोठं काम झालं.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 हा दिवस धरून होते आहे, आणि या वेळी ती मोबाइलवर भरली जाईल. प्रगणक तुमच्याकडे येईल तेव्हा त्याला जे सांगाल ते त्याच संध्याकाळी एका वहीतही उतरवून ठेवा : घरातलं प्रत्येक नाव, वय, जन्मगाव. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव आणि गाव त्यात घाला. ते तो विचारणार नाही. खाली तारीख घाला, सही करा, आणि एक प्रत भावाकडे, एक बहिणीकडे द्या.