अक्षरांची मापे आणि संकेतस्थळावरील मराठी कागद

(भाषणाचा मजकूर)



ग्रामसभेची सूचना असो वा शाळेची गुणयादी, कार्यालयातील संगणकावर ती नेटकी दिसते. संकेतस्थळावर चढविली की मात्र ओळी विस्कटतात आणि रकमा शेजारच्या रकान्यात सरकतात. दोष बहुधा टंकलेखकाच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्याचा त्यात काहीच अपराध नसतो.

दस्तऐवजात सामान्यतः मजकूर आणि टंकाचे, म्हणजे फॉन्टचे, केवळ नाव असते. टंक स्वतः नसतो. प्रत्येक टंकाबरोबर मापांचे कोष्टक येते: कोणत्या अक्षराने किती रुंदी घ्यावी, वर किती जागा सोडावी, खाली किती. रूपांतर करणाऱ्या यंत्रावर तो टंक नसल्यास आज्ञावली दुसरा टंक घेते व त्याच्या मापाने ओळ मोडते. शब्द तेच राहतात. पण सहीची जागा पुढील पानावर जाते.

रोमन लिपीपुरता एक तोडगा निघाला. २००७ साली प्रसृत झालेल्या लिबरेशन टंकांची रुंदी एरियल, टाइम्स न्यू रोमन व कूरियर न्यू यांच्याशी जुळविण्यात आली. त्यांत देवनागरी अक्षरे नाहीत.

देवनागरीची अडचण अधिक खोल आहे, अगदी शब्दशः. एका टंकात ‘ट्ट’ एकाखाली एक रचलेला असतो, तर दुसऱ्यात पहिल्या अक्षराचा पाय मोडून शेजारी मांडलेला. त्यामुळे रुंदी बदलते आणि खोलीही. शिवाय एकाच टंकात उंचीची एकाहून अधिक मापे नोंदलेली असतात व निरनिराळ्या संगणकप्रणाली त्यांतील निरनिराळी वाचतात. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मानाने ठरविली, तर वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो. उकार गेला की ‘गुण’चा ‘गण’ होतो. शिक्षकाला पहिला हवा असतो, पंचायत समितीच्या सदस्याला दुसरा. दोन्ही शब्द शुद्धच असल्याने चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. मूळ दस्तऐवजातील टंकच, त्याच्या परवान्यानुसार, रूपांतराच्या यंत्रावर बसवावा. पीडीएफ करताना तो अंतर्भूत करावा. रकाने मोकळ्या जागा सोडून नव्हे, तक्त्याने आखावेत. ओळीची उंची सैल ठेवावी. ‘मूर्तींतून’ आणि ‘राष्ट्र’ हे शब्द आधी चढवून पाहावेत: पहिल्यात रफार, वेलांटी, अनुस्वार व ऊकार एकत्र येतात, दुसऱ्यात तीन व्यंजने. पानाचे छायाचित्र चढविणे ही पळवाट होय. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि संगणकाकडून मजकूर वाचून घेणाऱ्या दृष्टिहीन नागरिकापुढे बहुधा कोरे पानच उरते.