निवेदकाची उमेदवारी

गवयाची उमेदवारी गुरूच्या घरीं होते, वकिलाची एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं. नभोवाणीच्या निवेदकाची उमेदवारी मात्र सर्वांच्या देखत, कानांदेखत म्हणा हवें तर, व्हावयाची असते. तो चुकला कीं चूक गांवभर जाते. म्हणूनच ही उमेदवारी लहान गांवीं करावी अशी या धंद्याची जुनी रीत. ती रीत आतां मोडत चालली आहे, आणि त्याविषयीं दोन शब्द बोलावे म्हणून मी आज आपल्यापुढें आलों आहें.

एक जुनें उदाहरण घेतों. १९३२ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी होती. इलिनॉयमधील एक एकवीस वर्षांचा पदवीधर निवेदकाची जागा मिळावी म्हणून शिकागोस गेला. तेथें एका बाईनें त्याला सल्ला दिला कीं, मोठ्या शहरांत नवख्याला कोणी उभें करणार नाहीं, लहान गांवचें केंद्र गांठ. बापाची मोटार घेऊन तो आयोवांतील डॅव्हनपोर्ट येथें डब्ल्यूओसी या केंद्रावर आला. तेथील कार्यक्रमप्रमुख पीटर मॅकआर्थर हा संधिवातानें जखडलेला स्कॉच गृहस्थ. जागा नुकतीच भरली होती. तरी त्यानें या तरुणाला ध्वनिक्षेपकापुढें उभें केलें आणि सांगितलें कीं, फुटबॉलचा सामना चालला आहे असें समज आणि तो मला दिसेल असें वर्णन कर. तरुणानें आपल्याच कॉलेजचा एक जुना सामना आठवून रंगविला. पांच डॉलर आणि बसभाडें, एवढ्यावर त्याला पहिला खरा सामना मिळाला. त्या तरुणाचें नांव रोनाल्ड रेगन.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. मला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. १९३३ मध्यें रेगन त्याच केंद्रावर पगारी निवेदक झाला आणि जाहिराती वाचूं लागतांच साफ पडला. समोर सामना असला म्हणजे ज्याच्या तोंडाला खळ नसे, तोच हातीं कागद येतांच लांकडासारखा वाची. एकदां तर अंत्यविधीचें काम करणाऱ्या ज्या दुकानाच्या साहाय्यानें संगीत चाललें होतें, त्याचें नांव घ्यावयाचेंच त्यानें वगळलें. नोकरी जावयाची वेळ आली होती. मग त्यानें उपाय योजला तो असा: पहिलीं वाक्यें पाठ करावयाचीं, तीं पुनःपुन्हां म्हणावयाचीं, म्हणजे आरंभ तरी बोलल्यासारखा होतो आणि त्याच ओघांत पुढचें वाचन चालतें.

महाराष्ट्रांतील एका लहान शहराच्या खासगी केंद्रावर मीं कांहीं वर्षें नवख्या मुलामुलींना शिकविण्याचें काम केलें आहे. २००५ च्या धोरणानंतर सोलापूर, कोल्हापूर, सांगली, जळगांव अशा शहरांतून एफ्‌एम केंद्रें निघालीं, तेव्हां आवाज कोठून आणावयाचे हा प्रश्न एकदम उभा राहिला. येणारा प्रत्येकजण मुंबईच्या कोणा तरी प्रसिद्ध निवेदकाची नक्कल करीत येई. वेग तोच, हंसणेंही तेंच. शिकविणें म्हणजे बव्हंशीं ही नक्कल उतरविणें. एक मुलगी साड्यांच्या दुकानाची जाहिरात अशा कांहीं दिमाखांत वाची कीं, जणूं तिनें साडी कधीं पाहिलीच नव्हती! मीं तिच्या हातांतला कागद काढून घेतला आणि म्हटलें, “आतां हें तुझ्या मावशीला सांग.” मावशीला सांगतांना तिला किंमत आठवली, काठ आठवला, दुकानाची गल्लीही आठवली.

दुसरें साधन म्हणजे स्वतःचें बोलणें स्वतः ऐकणें. मधलीं गाणीं गाळून बोलणें तेवढें मुद्रित करावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं उमेदवाराजवळ बसून ऐकावयाचें. यास ‘एअरचेक’ म्हणतात. धीट पोरेंही त्या वेळीं मान खालीं घालतात. शिक्षकानें एका बैठकींत एकाच दोषावर बोट ठेवावें. हें मी एका गुणी मुलाचें नुकसान करून शिकलों. पहिल्याच दिवशीं मीं त्याला दहा दोष सांगितले, आणि तो पुन्हां आला नाहीं.

परंतु हें सारें चालावयास चुकण्याची जागा हवी. अमेरिकेंत १९९६ च्या कायद्यानें एका मालकानें देशभर किती केंद्रें बाळगावीं यावरील मर्यादा उठविली. केंद्रें थोड्या कंपन्यांच्या हातीं एकवटलीं आणि दूरच्या शहरांत आधींच मुद्रित केलेला आवाज गांवोगांव लावण्याची चाल सर्रास पडली. खर्च वांचतो हें खरें. लहान केंद्राचा सारा जीव साड्यांचें दुकान, शिकवणीचे वर्ग, ट्रॅक्टरचा विक्रेता यांच्या जाहिरातींवर. त्यांत चौघांचा पगार निघणें कठीण, हें मालकाचें म्हणणें मला मान्य आहे. पण या काटकसरींत पहिली गेली ती रात्रीची पाळी, जेथें नवखा अडखळला तरी कोणी फारसें रागावत नसे.

आपल्याकडे २०११ च्या धोरणानें खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी दिली नाहीं. पण हवामान, रहदारी, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल, नैसर्गिक आपत्ति यांची माहिती देण्यास मोकळीक ठेविली. ही माहिती गांवचा माणूसच नीट सांगूं शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्यें कोल्हापूर आणि सांगलीस महापूर आला, शिरोलीजवळ पुणें–बंगळूर महामार्ग पाण्याखालीं गेला. अशा रात्रीं मुंबईंत आठवड्यापूर्वीं मुद्रित झालेला आवाज कोणता रस्ता सांगणार?

मावशीला साडी सांगणारी ती मुलगी दोन वर्षें रात्रीं दहाची पाळी करून पुढें सकाळच्या मुख्य कार्यक्रमावर गेली. तिच्या जागीं नवें कोणी घ्यावें म्हणून मीं व्यवस्थापकांकडे तीनदां अर्ज केला. रात्रीं दहानंतर तेथें आतां यंत्र लावलेलें आहे.