मुलें आणि पाण्याचे शब्द

‘आमची नदी’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या, तर शहरांतील मुलाच्या वहींत बहुधा एक वाक्य हटकून येतें: ‘नदीचें पाणी छान असतें.’ मुलगा कामठीचा असला तरी वाक्य तेंच. वास्तविक त्याच्या गांवाशेजारीं एक नव्हे, तीन नद्या आहेत. सातपुड्यांतून उतरणारी कन्हान कामठीजवळ पेंच व कोलार यांना पोटांत घेते आणि पुढें वैनगंगेस मिळते. १८२१ सालीं इंग्रजांनीं छावणी वसविली ती याच कन्हानच्या कांठीं. इतकें पाणी उशाशीं असून मुलाजवळ त्यासाठीं एकच विशेषण असावें, हा दोष मुलाचा नव्हे. त्याच्या घरांत पाणी नळांतून येतें. आणि नळाचें पाणी एक तर येतें किंवा येत नाहीं. त्याचें वर्णन करण्याची गरज कोणास पडावी?

म्हणून आरंभ नदीपासून न करतां स्वयंपाकघरापासून करावा. माठ पाझरतो, नळ ठिबकतो, कौलें गळतात, ओलें धोतर निथळतें, आणि काठोकाठ भरलेली घागर उचलतांच पाणी हिंदकळतें. हीं क्रियापदें एकमेकांच्या जागीं घालून पाहण्यास मुलांस सांगावें. ‘कौलें हिंदकळतात’ असें म्हणतांच वर्ग हंसेल, आणि त्या हंसण्यांत व्याकरणाचा अर्धा तास वांचेल. पुष्कळ शिक्षक विशेषणांची यादी फळ्यावर लिहून देतात. यादी पाठ होते, शब्द मात्र कोरडेच राहतात.

गढूळ व नितळ हे शब्द तर एका तांब्यांत शिकवितां येतात. आषाढांतलें कन्हानचें मातकट पाणी घ्यावें, तांब्याच्या आंतल्या अंगास निवळीचें बीं उगाळावें व तें रात्रभर हलवूं नये. सकाळीं गाळ तळाशीं बसतो आणि वरचें पाणी निवळतें. ही रीत आपल्याकडे फार जुनी. संस्कृतांत याच बियांस कतक म्हणतात. मात्र येथें एक गोष्ट निक्षून सांगावी. ज्याचा तळ दिसतो तें नितळ. तें पिण्याजोगें असेलच असें नाहीं. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील ज्या पंपामुळें पटकी पसरल्याचें डॉक्टर जॉन स्नो यांनीं दाखविलें, त्याचें पाणी चांगलें म्हणून नांवाजलेलें होतें. ‘स्वच्छ’ या एकाच शब्दावर सारा निर्वाह करणाऱ्या मुलास हा भेद कळणार कसा?

याहून निकडीचे शब्द निराळेच आहेत. उन्हाळ्यांत कन्हानच्या पात्रांत वाळू उघडी पडते, धार बारीक होते, आणि तरी मधूनच एखादा डोह राहतो. वरून पाणी संथ. संथ म्हणजे उथळ, अशी समजूत झालेला मुलगा तेथें बेधडक उतरतो. डोह, भोंवरा, उतार हे शब्द परीक्षेंत गुण मिळवून देतील न देतील. नदीकांठच्या मुलास ते यावयासच हवेत. घरांतली आजी ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणते, तो अलंकार नव्हे.

आणि घरचे शब्द लाल शाईनें खोडूं नयेत. वाळू उकरून काढलेल्या पाण्यास झिरा म्हणणें, दिवसचे दिवस न उघडणाऱ्या पावसास झड म्हणणें, यांत अशुद्ध कांहीं नाहीं. १८३१ च्या मोल्सवर्थकृत कोशापासून १९३२ ते १९३८ या काळांत निघालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत कोशकारांनीं बोलण्यांतले शब्द टिपले. शिक्षकांनींच त्यांना दाराबाहेर कां ठेवावें?

मृगाचा पाऊस लागला कीं मुलानें वडील माणसाबरोबर आठवड्यांतून एकदां, एकाच उंच जागेवरून, नदी पहावी आणि तारखेपुढें एक ओळ लिहावी. ‘छान’ हा शब्द तेवढा वर्ज्य. दिवाळीपर्यंत वीसेक ओळी होतात, आणि कन्हान कोणत्या आठवड्यांत निवळली तें त्या वहींत सांपडतें.